जिओनोचा मेंढपाळ आणि शेतांतलें झाड

झाँ जिओनो ह्या फ्रेंच ग्रंथकाराची ‘झाडें लावणारा माणूस’ ही लहानशी कथा १९५३ च्या सुमारास लिहिली गेली, व तेव्हांपासून ती अनेक भाषांत वाचली जात आहे. फ्रेदेरिक बाक यांनीं तिच्यावर काढलेल्या १९८७ च्या चित्रपटास ऑस्कर पारितोषिकहि मिळालें. वृक्षारोपणाविषयीं आस्थेनें बोलणारे लोक ही कथा दाखला म्हणून पुढें करतात. जी कृति इतक्यांना सत्कर्मास प्रवृत्त करते तिच्यांत उणें पाहणें हें कित्येकांस अरसिकपणाचें वाटेल. परंतु जी गोष्ट शेतकऱ्यापुढें आदर्श म्हणून ठेवावयाची, ती त्याच्या प्रपंचास कितपत लागू पडते हें पाहणें टीकेचें कर्तव्यच आहे, असें आम्हांस वाटतें.

कथानक थोडक्यांत असें. १९१३ सालीं प्रोव्हान्सच्या उजाड डोंगराळ मुलखांतून पायीं हिंडणाऱ्या निवेदकास एल्झेआर बूफ्ये नांवाचा ५५ वर्षांचा मेंढपाळ भेटतो. एकुलता मुलगा व बायको वारल्यावर हा गृहस्थ सपाटीवरचें आपलें शेत सोडून ह्या माळावर एकटा येऊन राहिला आहे. रात्रीं तो ओक वृक्षाच्या बिया निवडतो, शंभर निर्दोष बिया मोजून बाजूस ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशीं लोखंडी कांबीनें भोंकें पाडून त्या पुरतो. तीन वर्षांत १ लक्ष बिया पेरल्या, त्यांतल्या २० हजार उगवल्या, आणि त्यांतलींहि निम्मीं रोपें गेलीं तरी १० हजार झाडें उरतील, असा त्याचा हिशेब आहे. दोन महायुद्धें येतात आणि जातात. ह्याचें काम चालूच राहतें. अखेरीस रान उभें राहतें, आटलेल्या झऱ्यांना पाणी येतें, आणि जेथें पूर्वीं तीनच माणसें उरलीं होतीं त्या व्हेर्गों गांवांत पुन्हां संसार नांदूं लागतात.

ह्या कथेचे गुण उघड आहेत. जिओनोनें आपल्या नायकाच्या तोंडीं एकहि प्रवचन घातलेलें नाहीं. बूफ्येचा मोठेपणा आपणांस पटतो तो त्याच्या मोजण्यांतून, निवडण्यांतून आणि मौनांतून. एका वर्षीं लावलेलीं १० हजार मेपलचीं झाडें सगळींच्या सगळीं मरतात, व तो निमूटपणें दुसऱ्या जातीकडे वळतो. ज्यानें एखादें रोप जगविण्याचा प्रयत्न केला असेल त्याला ह्या एका प्रसंगांतलें सत्य तत्काळ ओळखूं येईल. पुढें १९३३ सालीं एक वनरक्षक येतो आणि ह्या ‘आपोआप’ उगवलेल्या जंगलास धोका होऊं नये म्हणून बाहेर विस्तव पेटवूं नको, अशी ताकीद खुद्द बूफ्येलाच देतो. हा विनोद फार सूक्ष्म आहे.

बूफ्ये नांवाचा कोणी माणूस झालाच नाहीं, म्हणून जिओनोस दोष देणारेहि आहेत. ‘कधींहि न विसरतां येणारी खरी व्यक्ति’ अशा विषयावर एका अमेरिकन मासिकानें लेख मागविला असतां त्यानें ही कथा पाठविली. शोध करतां असा माणूस सांपडेना, तेव्हां तिनें ती नाकारली. १९५७ सालीं एका वनाधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत बूफ्ये कल्पित असल्याचें जिओनोनें स्वतःच सांगितलें, आणि लोकांस झाडें लावण्याची गोडी लागावी हाच आपला हेतु होता असेंहि कळविलें. ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. कल्पित पात्रानें खरें काम करून घेण्याची साहित्याची रीत जुनीच आहे.

आमची तक्रार निराळी आहे. बूफ्येपाशीं शेतच नाहीं! ज्या जमिनीवर तो बिया पुरतो ती कोणाची, हें त्याला ठाऊक नाहीं व ठाऊक करून घेण्याची गरजहि वाटत नाहीं. त्याला कर्ज नाहीं, वारस नाहीं, बांधाला बांध लागलेला शेजारी नाहीं. मेंढ्या रोपें खातात म्हणून तो त्या काढून टाकतो, चारच ठेवतो, व शंभर पोळ्यांच्या मधमाशा पाळूं लागतो. हा सगळा फेरफार कथेंत एखाद्या वाक्यांत उरकला आहे. आणि जेथें ग्रंथकार इतक्या घाईनें पुढें निघून जातो, नेमका तेथेंच खऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न सुरू होतो. ज्याचें पोट त्या मेंढ्यांवर आहे त्यानें काय करावें?

हा प्रश्न आम्ही उगाच काढीत नाहीं. जिओनोच्याच मुलखाच्या इतिहासांत तो नमूद आहे. १८५६ च्या महापुरांनंतर फ्रेंच सरकारनें डोंगरांवर पुन्हां झाडी उभी करण्यासाठीं १८६० सालीं कायदा केला, आणि १८८२ सालीं दुसरा केला. दक्षिण आल्प्समधील उतार त्यामुळें हिरवे झाले ही गोष्ट खरी. पण त्यासाठीं गांवांचीं चराऊ रानें बंद करावीं लागलीं, आणि सर्वांत कडवा विरोध केला तो मेंढपाळांनींच. नुसत्या झाडांऐवजीं गवत लावण्याचीहि मुभा देणारा कायदा १८६४ सालीं करणें सरकारला भाग पडलें. अशा मुलखांत एका मेंढपाळासच रानाचा जनक करावें, आणि ते चराईचे तंटे कथेंत कोठेंहि दिसूं नयेत, हें आम्हांस बूफ्येच्या कल्पितपणापेक्षां अधिक खटकतें.

मराठी वाचकास ह्या तंट्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाहीं. फ्रान्सच्या दुसऱ्या कायद्यानंतर एकाच वर्षानें, म्हणजे १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत हेंच गाऱ्हाणें मांडलें. वनखात्यानें डोंगर व गायरानें आपल्या ताब्यांत घेतल्यावर कुणब्याच्या शेळ्यामेंढ्यांनीं जावें कोठें, असा त्यांचा सवाल होता. फुले झाडांचे वैरी नव्हते. त्याच ग्रंथांत ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी शेतांत मुरवण्याची योजनाहि ते सुचवितात. रान कोणाच्या पदरच्या खर्चानें वाढावें, एवढेंच ते विचारीत होते. जिओनोचें लालित्य फुल्यांच्या गद्यांत नसेल. पण जिओनोनें टाळलेला प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं.

आतां, शेत राखून झाडें वाढवितां येतच नाहींत असें कोणी म्हणेल तर तेंहि खरें नाहीं. फ्रान्समध्येंच मोंपेल्ये शहराजवळ १९९५ सालापासून गव्हाच्या शेतांत अक्रोडाच्या विरळ ओळी लावून प्रयोग चालला आहे. गहूं हिंवाळ्यांत वाढतो तेव्हां अक्रोड निष्पर्ण असतो. त्याला पालवी फुटते तोंपर्यंत पीक बरेंच पुढें गेलेलें असतें. दरवर्षींच्या नांगरटीनें झाडाचीं वरचीं मुळें तुटतात व तें खोल जातें. आफ्रिकेंतील नायजर देशांत १९८३ सालीं टोनी रिनॉडो यांच्या ध्यानांत आलें कीं, रोपें लावून लावून मरत असतां शेतांतल्या जुन्या खुंटांना मात्र धुमारे फुटतच असतात, आणि शेतकरी ते दरसाल तोडून टाकतात. चार धुमारे राखावे, बाकीचे छाटावे, एवढ्या साध्या युक्तीनें पुढें सुमारे ५० लक्ष हेक्टर शेतजमिनींत झाडें उभीं राहिलीं. परंतु तेथेंहि मुख्य अडचण युक्तीची नव्हती. झाड कायद्यानें सरकारचें मानलें जाई, म्हणून तें राखण्यांत शेतकऱ्यास स्वारस्य नसे. राखलेल्या झाडाचें लांकूड आपल्यालाच मिळेल अशी खात्री वाटूं लागली, तेव्हां कुऱ्हाड थांबली. आपल्याकडेहि १९६४ च्या वृक्षतोड-नियमन कायद्यानें साग, आंबा, फणस, चिंच इत्यादि झाडें मालकीच्या रानांतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. कायद्याचा हेतु संरक्षणाचा आहे. पण जें तोडतां येणार नाहीं तें लावावें कशास, असा हिशेब एखाद्या कुणब्यानें केला तर त्यास अडाणी म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

बांधावरच्या बाभळीचेंच उदाहरण घ्या. तिच्या लांकडाचीं औतें होतात, शेंगा शेळ्या खातात, कुंपणाला काटे मिळतात. उलट तिच्या सावलीखालीं पीक खुरटतें, आणि ती सावली शेजाऱ्याच्या रानांत पडली कीं दोन घरांत वांकडें येतें. तिला ठेवावी कीं तोडावी हा निर्णय घरांतलीं माणसें, कर्ज आणि पाऊसपाणी पाहून करावा लागतो. ह्या निर्णयांत करुणा आहे, विनोद आहे, आणि भाऊबंदकीचें सगळें नाट्य आहे. बूफ्येच्या एकान्तांत ह्यांतलें कांहींच शिरूं शकत नाहीं.

तेव्हां ही कथा वाचूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांच्या हातीं ती अवश्य द्यावी. निरपेक्ष कष्टांचें इतकें स्वच्छ चित्र विरळा. मात्र ती वाचून शेतकऱ्यास ‘तूंहि असाच हो’ असा उपदेश करण्यापूर्वीं, बूफ्येनें शेत सोडल्यावर झाडें लावलीं, आणि ह्याला तर शेत करीत करीत तीं लावावयाचीं आहेत, हा भेद ध्यानांत ठेवावा. विरक्ताचें रान कथेंत लवकर वाढतें. गृहस्थाच्या बांधावरचें झाड हळू वाढतें, आणि त्याची कथा लिहिणारा लेखक आम्हांस अधिक मोठा वाटेल.