जोडणं आणि बदलणं: फ्रॅपे फ्रेमवर्कविषयी

मंडळी, उलव्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड समजावून सांगायला नकोत. सिडकोने रस्ते, गटारं आखून दिली. भूखंडावर काय बांधायचं ते ज्याने-त्याने ठरवलं, पण चटईक्षेत्राच्या नियमात राहून. सर्व्हर बांधायच्या फ्रेमवर्ककडेही आम्ही याच नजरेने बघतो. ते काय करू देतं हे पाहायचं, तसंच कुठे अडवतं हेही.

आज घेतलंय फ्रॅपे. मुंबईच्या रुषभ मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेलं, पायथन आणि जावास्क्रिप्टमधलं, एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुलं. आधी ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि साठ्याचं सॉफ्टवेअर झालं. त्याच्या पोटातून हे फ्रेमवर्क वेगळं निघालं. त्यामुळे रोजच्या धंद्याच्या गरजा त्याला पाठ आहेत.

त्याचं मोठं बळ म्हणजे डॉकटाइप. समजा, जेएनपीटीकडे गाड्या पाठवणाऱ्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याने 'गेट पास' नावाचा डॉकटाइप केला: गाडी नंबर, कंटेनर नंबर, वेळ. तेवढ्यावरून डेटाबेसात टेबल तयार होतं, भरायला फॉर्म मिळतो, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी रेस्ट एपीआयचा पत्ताही मिळतो. फॉर्म आणि एपीआय, दोन्हीकडे परवानग्या त्याच. मात्र आपण लिहिलेलं फंक्शन बाहेरून असं सहज चालवता येत नाही. त्यावर व्हाइटलिस्टची खूण लागते, आणि लॉगिनशिवाय चालवायचं असेल तर तेही वेगळं लिहून द्यावं लागतं. इथे फ्रेमवर्क अडवतं, आणि बरोबर अडवतं.

आमची तक्रार पुढे आहे. फ्रॅपेला आपलं काम जोडायचं ते हुक्सच्या फाइलीतून. तिथे दोन वाटा शेजारी-शेजारी आहेत. एक, डॉक इव्हेंट्स: बिल जतन होताना किंवा सबमिट होताना माझंही फंक्शन चालव. अशी चार अ‍ॅप असली तर चौघांची फंक्शनं चालतात, मूळ काम जागेवर राहतं. दुसरी, ओव्हरराइड: मूळ वर्गाच्या जागी माझा वर्ग घे. इथे दोन अ‍ॅपनी एकाच वर्गावर हक्क सांगितला, तर साधारणपणे शेवटी बसवलेल्याचं चालतं. पहिल्याचं काम गप्प पडतं.

त्याहून वाईट म्हणजे घाईत मूळ फंक्शन जसंच्या तसं उचलून त्यात दोन ओळी घुसडणं. आज चालतं. नवी आवृत्ती आली, मूळ फंक्शनात कराचा हिशेब सुधारला, तरी आपल्याकडे जुनीच नक्कल चालू राहते. बिल छापलं जातं, फक्त आकडा चुकीचा असतो. सर्व्हर बंद पडला तर लगेच कळतं. हे कळायला महिनाअखेर उजाडते.

कुणी म्हणेल, हा दोष वापरणाऱ्याचा. अर्धं खरं. पण जोडणं आणि बदलणं यांतला धोका एवढा वेगळा असताना एकाच फाइलीत, सारख्याच दोन ओळींनी दोन्ही होत असतील, तर नवख्याला फरक कसा दिसावा? नियमाबाहेरच्या बांधकामाला निदान फलक तरी लावायला हवा.

म्हणून तुमच्यापैकी कुणी हे काम बाहेर करून घेत असेल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी हुक्सची फाइल उघडायला सांगा. ओव्हरराइड किती, आणि प्रत्येक का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या अपग्रेडचा खर्च आत्ताच धरून ठेवा.