ब्लेकविना ‘ब्लेक्स सेव्हन’ : पात्रबदल, सूरबदल आणि मालिकेची संहिता

दूरचित्रवाणी मालिकेचा विचार करताना समीक्षक बहुधा कादंबरीच्या एकात्मतेचा निकष नकळत वापरतो. नट बदलला किंवा सूर पालटला की त्याची नोंद ‘ऱ्हास’ म्हणून केली जाते. परंतु आरंभ लिहिला जात असताना जिचा शेवट ठरलेलाच नसतो, अशी मालिका ही संहिता आहे. नटांचे करार संपतात, निर्माते बदलतात, आणि या संहिताबाह्य घटना संहितेत शिरतात. त्या तेथे केवळ व्यत्यय म्हणून उरतात की अर्थाचे घटक होतात, हा समीक्षेपुढील खरा प्रश्न आहे. १९७८ ते १९८१ या काळात बी.बी.सी.ने चार पर्वांत आणि ५२ भागांत प्रसारित केलेली ‘ब्लेक्स सेव्हन’ ही विज्ञानकाल्पनिका या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त ठरते.

प्रथम पात्रबदलाचे प्रकार वेगळे करावयास हवेत. रंगभूमीवर एकच भूमिका अनेक नट करतात आणि प्रेक्षक ते सहज स्वीकारतो, कारण तेथे लिखित नाटक प्रयोगाआधी सिद्ध असते. मालिकेत मात्र पात्र हळूहळू नटाच्या देहाभोवती आणि आवाजाभोवती लिहिले जाते. म्हणूनच १९६६ मध्ये ‘डॉक्टर हू’मध्ये विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले, तेव्हा नटाचे बदलणे हाच कथाविश्वाचा नियम बनवला गेला. ‘ब्लेक्स सेव्हन’मधील ट्रॅव्हिस या अधिकाऱ्याच्या बाबतीत असे काही घडले नाही. पहिल्या पर्वात स्टीफन ग्रीफ आणि दुसऱ्यात ब्रायन क्राउचर यांनी ही भूमिका केली. बदलाचे स्पष्टीकरण नव्हते, आणि पात्राचा थंड करारीपणा जाऊन त्याजागी बेभान राग आला. येथे बाह्य घटना बाह्यच राहिली.

तिसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. मालिकेचे शीर्षक ज्याच्या नावावर आहे, ते पात्रच निघून जाते. रॉज ब्लेक हा फेडरेशन या सर्वंकष सत्तेविरुद्ध उभा राहिलेला बंडखोर. त्याची स्मृती पुसली जाते, खोट्या आरोपांखाली त्याला हद्दपार केले जाते, आणि तो कैद्यांना घेऊन ‘लिबरेटर’ हे जहाज मिळवतो. ही भूमिका करणारे गॅरेथ टॉमस दुसऱ्या पर्वानंतर, १९७९ मध्ये, मालिकेतून बाहेर पडले. शीर्षक तसेच राहिले. जहाजाचा संगणक धरून मोजलेला ‘सात’ हा आकडा आधीच, गॅन या पात्राच्या मृत्यूने, डळमळीत झाला होता. सर्व ५२ भागांत दिसतो तो फक्त व्हिला, म्हणजे भित्रा चोर. ही बाब पुरेशी सूचक आहे.

ब्लेक गेल्याने नायकाची जागा रिकामी झाली, एवढे म्हणणे अपुरे आहे. पॉल डॅरो यांनी साकारलेल्या अ‍ॅव्हनचा उपरोध तोवर ब्लेकच्या ध्येयवादाला दिलेले उत्तर होता. त्या ध्येयवादाच्या विरोधातच त्याला धार होती. तिसऱ्या पर्वात हा उपरोध एकटाच उरला आणि संपूर्ण मालिकेचा सूर झाला. टॅरंट आणि डेना ही नवी पात्रे आली, पण टॅरंटचा वाट्टेल तसा आत्मविश्वास ब्लेकच्या नैतिक अधिकाराची जागा घेऊ शकला नाही. प्रवासाला हेतू उरला नाही, आणि काही भाग निव्वळ साहसकथेच्या पातळीवर घसरले, हे मान्य करावयास हवे. त्याच सैलपणामुळे टॅनिथ ली यांचा ‘सार्कोफॅगस’ (१९८०) यासारखा अंतर्मुख भाग शक्य झाला, हेही तितकेच खरे.

मात्र अनुपस्थित ब्लेक संहितेतून नाहीसा होत नाही. तिसऱ्या पर्वाच्या अखेरच्या ‘टर्मिनल’ या भागात अ‍ॅव्हन ब्लेकच्या शोधात जातो. तेथे त्याला दिसतो तो सर्व्हलानने रचलेला आभास, आणि त्या शोधाची किंमत म्हणून ‘लिबरेटर’ नष्ट होते. ज्याची आपल्याला गरज नाही असे अ‍ॅव्हन सतत भासवत आला, त्याच्यासाठीच तो सर्वस्व पणाला लावतो. शीर्षक आता मालकी सांगत नाही. ते एक अभाव सांगते.

२१ डिसेंबर १९८१ रोजी प्रसारित झालेला, ख्रिस बाऊचर यांनी लिहिलेला ‘ब्लेक’ हा अखेरचा भाग या दृष्टीने पाहावा. ब्लेक परततो, पण बदललेल्या सुरात. तो बक्षिसासाठी माणसे पकडणाऱ्याचे सोंग घेऊन साथीदारांची परीक्षा पाहतो. विश्वास ठेवणे ज्याचे बळ होते, तोच आता संशयाची पद्धत अवलंबतो. म्हणजे अ‍ॅव्हनचा सूर त्याने उचललेला आहे. त्या परीक्षेत फेडरेशनची हस्तक पार होते, आणि टॅरंट त्याला विश्वासघातकी समजतो. अ‍ॅव्हन ब्लेकवर गोळ्या झाडतो. दोन पर्वे मालिकेचा सूर असलेला अविश्वास येथे कृतीत उतरतो आणि मालिकेच्या मूळ आशयसूत्राला ठार करतो. सूरबदल हीच कथानकातील घटना होते.

यावर आक्षेप घेता येईल की हे कोणीही योजले नव्हते. ब्लेकचा निर्णायक मृत्यू ही तर टॉमस यांच्या परतण्याचीच अट होती. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, परंतु तो अर्थाला बाधा आणत नाही. अनेक हातांनी आणि अनेक अडचणींनी लिहिल्या जाणाऱ्या संहितेत हेतू शोधण्यापेक्षा, अपघातांना तिने काय उत्तर दिले हे तपासणे अधिक फलदायी आहे. ट्रॅव्हिसच्या बदलाला तिच्याकडे उत्तर नव्हते. ब्लेकच्या जाण्याला होते, आणि ते द्यावयास तिला दोन पर्वे लागली. मालिका मूळ रूपाशी किती एकनिष्ठ राहिली यापेक्षा, आपल्यात पडलेल्या भेगेला तिने वाचनीय केले की नाही, हा निकष मालिकेच्या समीक्षेला अधिक न्याय देणारा ठरेल.