दोष कॅमेऱ्यात की पाण्यात?

समुद्रजीवनावरचा चित्रपट शाळेत दाखवला की गलका करणारा वर्गही शांत होतो. निळे पाणी, केशरी प्रवाळ, त्यातून वळणे घेत जाणारे मासे. चित्रपट संपल्यावर मुले विचारतात, हा मासा कोणता, तो काय खातो? हे चित्र मुळात काढले कसे, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. याचा दोष आम्ही मुलांना देत नाही. बहुतेक चित्रपट हा प्रश्न मुलांच्या मनात येऊच देत नाहीत, आणि विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे.

बुलढाणा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. येथून समुद्र दूर आहे, पण लोणारचे सरोवर जिल्ह्यातच आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले हे खारे, अल्कधर्मी पाणी. वर्षानुवर्षांच्या मोजण्यांत त्याचा सामू १०च्या आसपास आढळला आहे. नीलहरित शैवालांच्या दाट वाढीमुळे ते हिरवे दिसते. जून २०२०मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. समजा, चित्रपटवाल्यांचाच उत्तम व्हिडिओ कॅमेरा या हिरव्या पाण्यात सोडला, तर काय दिसेल? हिरवट धुके आणि त्यात तरंगणारे पांढरे ठिपके. विद्यार्थी म्हणेल, "कॅमेरा बिघडला." खरे तर कॅमेरा ठीकच असेल. चित्रपटातली नितळ निळाई हा पाण्याचा सर्वसाधारण गुण नव्हे. ती पाण्याची निवड आणि प्रकाशाची योजना यांतून आलेली असते.

या दृष्टीने दोन प्रसिद्ध कृती शेजारी ठेवून पाहाव्यात. जाक कुस्तो आणि लुई माल यांचा 'द सायलेंट वर्ल्ड' हा १९५६चा चित्रपट. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. त्याची सुरुवातच पेटत्या मशाली घेऊन खोल उतरणाऱ्या पाणबुड्यांनी होते. दिवे, नळकांडी, जहाज, माणसे सारे पडद्यावर दिसते. प्रकाश खाली न्यावा लागतो, हे न सांगता कळते. याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी सुरुंग उडवला जातो आणि जखमी देवमाशाभोवती जमलेल्या शार्कांची खलाशी कत्तल करतात. आज हे पाहवत नाही. वर्गात दाखवायचा झाल्यास शिक्षकांनी त्यावर आधी बोलले पाहिजे.

बीबीसीची २००१ची 'द ब्लू प्लॅनेट' ही मालिका अशा क्रौर्यापासून मुक्त आहे, आणि छायाचित्रणात कितीतरी पुढची. पण तिच्या मुख्य भागांत कॅमेरा जवळजवळ अदृश्य होतो. चित्रीकरण कसे झाले, हे भागाच्या शेवटी जोडलेल्या वेगळ्या छोट्या कार्यक्रमात सांगितले जाई. आमचा आक्षेप या जोडणीवर आहे. उपकरण हा निरीक्षणाचाच भाग आहे. ते परिशिष्टात गेले की प्रेक्षकाला वाटते, समुद्र आपोआप असाच दिसतो.

कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांचीही तीच गत. कोणते बटण दाबावे ते त्या सांगतात, का दाबावे ते सांगत नाहीत. पाण्याखालच्या चित्रीकरणातल्या नेहमीच्या तक्रारी पाहा. त्यांतली प्रत्येक आपल्या पाठ्यपुस्तकातला एकेक धडा आहे.

पहिली तक्रार: चित्र निळे-हिरवे येते. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषते. स्वच्छ पाण्यातही पाचेक मीटर खोलीवर लाल रंग फारच थोडा उरतो. म्हणून त्याच खोलीवर पांढरी पाटी धरून 'हे पांढरे' असे कॅमेऱ्याला दाखवून द्यावे लागते. भिंगावर लाल गाळणी लावली तर निळे-हिरवे कमी होते, पण गेलेला लाल परत येत नाही. तो हवा असेल तर दिवा खाली न्यायचा आणि वस्तूच्या जवळ जायचे.

दुसरी तक्रार: पांढरे ठिपके. हा दिव्याच्या जागेचा दोष. दिवा भिंगाला चिकटून असेल तर पाण्यातल्या कणांवरून विकिरण होऊन प्रकाश थेट भिंगात परततो. धुक्यात मोटारीचा मोठा दिवा लावल्यावर हेच होते. दिवे भिंगापासून बाजूला, तिरपे धरावेत.

तिसरी: काच आतून धुरकटते. पेटी दमट हवेत बंद केली आणि थंड पाण्यात गेली की आतली वाफ काचेवर जमते. पेटी कोरड्या जागी बंद करावी, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी.

चौथी सर्वांत महागडी: पाणी शिरते. येथे रबरी कड्याचा प्रश्न असतो. कुकरच्या रिंगवर वाफेचा दाब आतून येतो, पेटीच्या कड्यावर पाण्याचा दाब बाहेरून. दर दहा मीटरला तो सुमारे एका वातावरणाने वाढतो. कड्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी गळतीला पुरे. म्हणून आधी कॅमेऱ्याशिवाय, आत कोरडा टिपकागद ठेवून, पेटी बादलीत बुडवून पाहावी.

लोणारसारख्या पाण्यात आणखी एक अडचण येईल. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर तीव्र अल्कधर्मी पाण्यात विरघळू लागतो. समुद्रात टिकणारी ॲल्युमिनियमची पेटी येथे टिकेलच असे नाही. हे पुस्तिकेत बहुधा सापडणार नाही. रसायनशास्त्राच्या तासाला मात्र सापडेल.

लोणार हे संरक्षित अभयारण्य आहे, तेव्हा तेथे विनापरवाना काही बुडवू नये. वर्गात काचेची पेटी पुरते. पाण्यात दुधाचे चार थेंब टाका, पलीकडे नाणे ठेवा. आधी विजेरी डोळ्याजवळ धरा, मग बाजूने तिरपी. दुसऱ्या वेळी नाणे अधिक स्पष्ट दिसेल. मग स्वच्छ पाण्याची बादली घ्या. चाळीस सेंटिमीटर खोल ठेवलेले नाणे वरून पाहिल्यास तीस सेंटिमीटरवर असल्यासारखे वाटेल. सपाट काचेतून पाण्यात पाहणारा कॅमेराही असाच फसतो.

एवढे करून मगच चित्रपट लावा, आणि मध्येच थांबवून विचारा: येथे दिवा कोठे आहे? पाणी कसले असेल? रंग किती खोलीवरचा? हे प्रश्न विचारायला शिकलेला विद्यार्थी माशाचे नाव विसरला तरी चालेल. पडद्यावरचे चित्र हा पुरावा आहे, आणि पुरावा कसा मिळवला ते विचारायचे असते, हे त्याला समजलेले असेल. शिवाय आपल्या गावचे हिरवे पाणी त्याला बिघडलेले चित्र वाटणार नाही.