साठीतलं थ्रॅश आणि सिंगापूरचा रुद्र

चांगी विमानतळ १९८१ साली सुरू झाला. त्याआधी पंचवीसेक वर्षं सिंगापूरला येणारं प्रवासी विमान पाया लेबारलाच उतरत असे. फेब्रुवारी १९७२ मध्ये लेड झेपेलिन हा ब्रिटिश बँड इथे कार्यक्रम करणार होता. कलाकारांच्या लांब केसांवरून त्यांना प्रवेश नाकारला गेला, कार्यक्रम रद्द झाला आणि बँड ऑस्ट्रेलियाला निघून गेला. त्या काळात इथल्या सरकारी कचेऱ्यांत फलक लागलेले असत की लांब केसांच्या पुरुषांचं काम सगळ्यांत शेवटी होईल. १९७४ मध्ये तर ‘ऑपरेशन स्निप स्निप’ नावाची मोहीमच निघाली. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड: त्याच १९७२ साली त्या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करत होते. ते मुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं.

पाया लेबारला आता हवाई दलाचा तळ आहे आणि मेट्रो स्थानकाभोवती काचेच्या इमारती उभ्या आहेत. पलीकडे गेलांग सेराईची जुनी मलय वस्ती आहे. ज्या संगीताला शहराने दारातून परत पाठवलं, त्याचं वेड पुढे इथल्या मलय तरुणांत इतकं पसरलं की ‘मात रॉक’ ही त्यांची ओळखच होऊन बसली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅबोरर, १९९० मध्ये इम्पायटी आणि १९९२ मध्ये रुद्र असे बँड सिंगापुरात उभे राहिले. यांतला रुद्र मला या लेखात फार महत्त्वाचा वाटतो. पण त्याच्याकडे जाण्याआधी जगातल्या थोरल्या बँडांचं आज काय चाललं आहे ते पाहायला हवं.

हेवी मेटलची पहिली पिढी आता पंचाहत्तरीच्या आसपास आहे आणि थ्रॅश या मेटलच्या वेगवान प्रकाराची पिढी साठीत. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथ शेवटचं वाजवून थांबला, आणि सतराव्या दिवशी त्याचा गायक ऑझी ऑसबर्न गेला. स्लेयरने २०१९ मध्ये निरोप घेतला आणि २०२४ मध्ये तो मंचावर परतला. मेगाडेथने पुढचा अल्बम शेवटचा असेल असं २०२५ मध्ये जाहीर केलं. तरीही नवे अल्बम येतच आहेत, आणि ते कसे ऐकायचे हे आपण अजून ठरवलेलं नाही. बहुतेक परीक्षणांत एकच कसोटी दिसते: हा अल्बम १९८६ सारखा वाटतो का? ही कसोटी मला चुकीची वाटते. ती कलावंताला त्याच्या विशीत कोंडून ठेवते.

ख्यालगायकीच्या श्रोत्याला हे पटकन कळेल. मल्लिकार्जुन मन्सूर यांचं उतारवयातलं गाणं लोक कान टवकारून ऐकत, कारण वयाने त्यांच्या गाण्याला दिलेलं त्यांना ऐकायचं असे. मेटलची घडणच वेगळी. हा प्रकार तरुण शरीराच्या ताकदीवर उभा राहिला. थ्रॅशमध्ये उजव्या मनगटाने तारेवर सतत खालच्या दिशेने आघात करायचे, ड्रमरने दोन्ही पायांनी डबल बेस पळवायचा, गायकाने घसा पणाला लावायचा. हे सगळं साठीत कसं करायचं, याची परंपराच नव्हती. ही पहिलीच पिढी ती घडवते आहे, आणि म्हणून तिचे अल्बम गंभीरपणे तपासावेत असे आहेत.

१९८६ च्या त्या प्रसिद्ध वर्षात स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ आला, एकोणतीस मिनिटांचा. कॅसेटच्या एका बाजूत तो पुरता मावे, म्हणून दुसऱ्या बाजूलाही तोच भरलेला असे. मेटालिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ पंचावन्न मिनिटांचा होता, आणि तोही तेव्हा लांब वाटे. आता त्याच बँडचा ‘सेव्हन्टी टू सीझन्स’ (२०२३) सत्त्याहत्तर मिनिटांचा आहे आणि आयर्न मेडनचा ‘सेन्जुत्सु’ (२०२१) ऐंशीच्याही वर जातो. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटंच बसत, त्यामुळे कात्री आपोआप चालायची. ती मर्यादा गेली, आणि बँड इतका मोठा झालेला की ‘हे कडवं काढा’ असं त्याला सांगणारा कुणी उरला नाही. ‘सेन्जुत्सु’ची शेवटची तीन गाणी बेसवादक स्टीव्ह हॅरिसची आहेत आणि प्रत्येक दहा मिनिटांहून मोठं. त्यांतलं ‘हेल ऑन अर्थ’ खरोखर मोठं गाणं आहे: सावकाश उघडतं आणि ब्रूस डिकिन्सनचा साठी ओलांडलेला आवाज त्यात एक काळजी घेऊन येतो, जी विशीच्या आवाजात आली नसती. पण त्याच्या आधीचं ‘द पार्चमेंट’ बारा मिनिटांवर जातं आणि तेवढी वाट पाहायला लावण्याइतकं त्यात काही नाही.

लांबीनंतर दुसरा दोष आवाजाच्या पातळीचा. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ २००८ साली आला तेव्हा मास्टरिंग इतकं दाबून केलेलं होतं की ड्रम्सचा ठोका फाटल्यासारखा ऐकू येत होता. हीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ खेळात कमी दाबलेल्या रूपात होती, आणि चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवून दिला. बरीच वर्षं ज्येष्ठ बँड या दाबाच्या मागे धावले, जणू मोठ्या आवाजाने वय लपतं. लपत नाही. सगळंच सारखं मोठं झालं की रिफमधला, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरबंधातला, श्वास जातो, आणि श्वास गेलेला रिफ कान दमवतो.

याला सर्वांत चांगलं उत्तर दिलं ते ज्यूडास प्रीस्टने. ‘फायरपॉवर’ (२०१८) आणि ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ (मार्च २०२४) हे दोन अल्बम मी या पिढीच्या कामात अग्रभागी ठेवतो. २०१८ मध्येच गिटारवादक ग्लेन टिप्टनने आपल्याला पार्किन्सन असल्याचं सांगितलं. दौऱ्यांवर त्याच्या जागी अँडी स्नीप उभा राहिला, आणि हाच स्नीप दोन्ही अल्बमच्या निर्मितीत आहे. तरुण रिची फॉकनरच्या गिटारीला मोकळी जागा दिलेली आहे. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’च्या वेळी गायक रॉब हॅलफर्ड बहात्तर वर्षांचा होता. तो प्रत्येक ओळीत किंचाळत नाही. मधल्या पट्टीत गातो, शब्द स्वच्छ टाकतो, आणि जिथे वर जायला अर्थ आहे तिथेच वर जातो. मूळ अल्बमच्या अखेरीस आपल्या आधी गेलेल्या सोबत्यांसाठी गाणं आहे. म्हाताऱ्या माणसाचा शोक मेटलमध्ये इतका उघडपणे फार कमी वेळा आला आहे.

‘सेव्हन्टी टू सीझन्स’मध्येही असे क्षण आहेत. माणसाच्या पहिल्या अठरा वर्षांचे बहात्तर ऋतू, ही कल्पना साठीच्या उंबरठ्यावरच्या, मेटालिकाच्या जेम्स हेटफील्डला सुचावी यात अल्बमचं बळ आहे. शेवटचं अकरा मिनिटांचं ‘इनामोराटा’ संथ चालीने जातं आणि मला सगळ्यांत आवडतं. मधली तीन-चार गाणी मात्र एकाच वेगाची, एकाच घडणीची. ती काढली असती तर हा अल्बम या बँडच्या जुन्या कामाच्या शेजारी ताठ मानेने बसला असता.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. टेस्टामेंटने तरुण ड्रमर घेऊन २०२५ मध्ये ‘पॅरा बेलम’ केला आणि त्यातला वेग उसना वाटत नाही. स्लेयरचा गिटारवादक केरी किंग याचा ‘फ्रॉम हेल आय राइज’ (२०२४) कसलेला आहे, पण तो स्लेयरचाच आणखी एक अल्बम वाटतो. मेगाडेथचा २०२२ चा अल्बम डेव्ह मस्टेनच्या घशाच्या कर्करोगानंतरचा, आणि त्याची गिटार अजूनही धारदार आहे. जर्मनीचे क्रिएटर आणि सोडोम नेमाने चांगलं काम करतात, चकित मात्र करत नाहीत.

या सगळ्या मोठ्या बँडांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे: पैसा अल्बममधून येत नाही, दौऱ्यातून येतो. सिंगापुरातही मेटालिका ऑगस्ट २०१३ मध्ये चांगी एक्झिबिशन सेंटरला आणि २०१७ मध्ये इनडोअर स्टेडियमला वाजवून गेला, आणि लोक आले ते जुन्या गाण्यांसाठी. नव्या अल्बमला मग दौऱ्याच्या निमित्तापुरतं महत्त्व उरतं. म्हणूनच तो सैल राहिला तरी चालतो.

सिंगापूरच्या थोरल्या बँडांना ही सोय कधीच नव्हती. इथे मुलगा अठराचा झाला की सक्तीची लष्करी सेवा, साधारण दोन वर्षं. बँड जमतो न जमतो तोच ड्रमर छावणीत जातो. परतल्यावर नोकरी, घर, संसार. शहर छोटं, श्रोते थोडे, जागा महाग. शिवाय वरून नजर आहेच: मार्च २०१९ मध्ये वॉटेन या स्वीडिश बँडचा कार्यक्रम सरकारी आदेशाने त्याच दिवशी रद्द झाला. अशा ठिकाणी तीस वर्षं टिकणारा बँड कशाच्या आधारावर टिकतो? अल्बमच्या. तेच त्याचं काम, तीच त्याची कमाई. पल्व्हराइज्ड रेकॉर्ड्स ही इथलीच कंपनी, आणि अमॉन अमार्थ या आज मोठ्या झालेल्या स्वीडिश बँडचं १९९६ चं पहिलं ईपी तिने काढलं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

इम्पायटीने एक वाट धरली. सदस्य बदलत गेले, गायक-बेसवादक शैथान राहिला, आणि ‘व्हर्सस ऑल गॉड्स’ (२०२०) पर्यंत तोच संताप, तोच वेग. त्यातली निष्ठा मला मोठी वाटते, ऐकायला मात्र मी त्याच्याकडे कमी वेळा जातो.

रुद्रने वेग कमी केला नाही, विषय खोल नेला. गायक आणि बेसवादक कथिरासन वेदान्ताचा अभ्यासक, शिवा ड्रमवर. १९९८ चा पहिला अल्बम आणि २००३ चा ‘कुरुक्षेत्र’ यांत संस्कृत मंत्र, भारतीय स्वरवळणं आणि थ्रॅश-डेथचे रिफ एकमेकांना चाचपताना दिसतात. २००५ च्या ‘ब्रह्मविद्या: प्रायमॉर्डियल आय’मध्ये ते एकजीव झाले. ‘ब्रह्मविद्या’ या त्रयीचे पुढचे भाग २००९ आणि २०११ मध्ये आले. २००९ च्या भागातलं ‘हिम्न्स फ्रॉम द ब्लेझिंग चॅरियट’ ऐकताना गीतेचा प्रसंग रणांगणावरचा आहे याची पुन्हा जाणीव होते. आपण गीता शांत स्वरात ऐकत आलो. पण हातातून धनुष्य गळालेला माणूस आणि त्याच्याभोवती दोन सैन्यं, हे दृश्य डबल बेसच्या गडगडाटात अधिक खरं वाटतं, असं मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. पुढे ‘एनिमी ऑफ ड्युअ‍ॅलिटी’ (२०१६) थेट अद्वैतात शिरला आणि ‘एट महाविद्याज’ (२०२२) शाक्त परंपरेत. इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे संगीत-अभ्यासक यूजीन दैरियनाथन यांनी या ‘वैदिक मेटल’वर शोधनिबंध लिहिला आहे.

रुद्रमध्ये उणिवा आहेत. कथिरासनचा घोगरा स्वर तीस वर्षांत फारसा बदललेला नाही, आणि त्यामुळे तत्त्वज्ञानातले बारकावे स्वरात उतरत नाहीत. काही अल्बमचं मिक्सिंगही पातळ आहे. तरी वय वाढलं तशी समज वाढली आणि ती अल्बममध्ये दिसली, हे ज्या थोड्या मेटल बँडांबद्दल म्हणता येतं त्यांत हा आहे.

आपल्याकडे मुंबईतही ही वाट दिसते. १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ने एक पिढी घडवली. २००० मध्ये सुरू झालेल्या डीमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये विष्णूच्या अवतारांवर ‘दशावतार’ केला. त्यात कथेचा थाट रुद्रपेक्षा मोठा आहे, चिंतन कमी. सेप्टर या जुन्या थ्रॅश बँडने २०१३ मध्ये ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ स्त्रियांवरच्या अत्याचारांवर केला, आणि तो मुंबईच्या मेटलमधला सर्वांत जबाबदार अल्बम आहे असं माझं मत आहे. मराठी नियतकालिकांत यांच्यावर किती लिहिलं गेलं? जवळजवळ काहीच नाही. नाट्यसंगीताच्या एका मैफलीवर आपण पानं भरतो. या मंडळींना अर्धं पान द्यायला काय हरकत आहे?

वाचकाला माझी विनंती इतकीच: हेडफोन लावून ‘प्रायमॉर्डियल आय’ एकदा सलग ऐका, मधलं एकही गाणं न गाळता. मग ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ ऐका. त्यानंतरही मेटल हे पोरांचं संगीत आहे असं वाटलं, तर जरूर लिहा; उत्तर द्यायला मला आवडेल.