‘इंटरपेलेट’ : एका क्रियापदाच्या दोन दिशा

सैद्धांतिक समीक्षेत काही इंग्रजी क्रियापदे संज्ञा म्हणून इतकी रुळतात, की त्यांच्यामागचा भाषाव्यवहार नजरेआड होतो. ‘इंटरपेलेट’ हे असेच एक क्रियापद. लुई अल्थुसरच्या विचारप्रणालीविषयक निबंधामुळे ते समीक्षेत आले, आणि त्याच्या या एका अर्थाने इतर अर्थ झाकोळले गेले. हे नुकसान केवळ कोशाचे नाही, समीक्षेचेही आहे.

मूळ लॅटिन ‘इंटरपेल्लारे’चा अर्थ, बोलणाऱ्याला मध्येच अडवणे. इंग्रजीत हा अर्थ एकेकाळी होता. पुढे तो लुप्त झाला. एकोणिसाव्या शतकात हे क्रियापद फ्रेंचच्या प्रभावाने पुन्हा प्रचारात आले, ते संसदीय अर्थाने : सभागृहात मंत्र्याला रीतसर जाब विचारणे. स्वीडन व फिनलंड येथील संसदांत हा प्रघात आजही आहे. आपल्याकडे १८९२च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने कायदेमंडळाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची जी मर्यादित मुभा दिली, तिलाही इंग्रजी राजकीय लेखनात ‘राइट ऑफ इंटरपेलेशन’ म्हटले जाई.

अल्थुसरने १९७०मध्ये हेच क्रियापद योजले, तेव्हा त्याच्यासमोर फ्रेंचमधील नित्याचा पोलिसी अर्थ होता : रस्त्यात अडवून विचारपूस करणे. पोलीस मागून ओरडतो, ‘अहो, तुम्ही!’ आणि माणूस वळतो. हाक आपल्यालाच आहे, ही कबुली त्या वळण्यातच असते. येथे व्यक्ती ‘सब्जेक्ट’ होते. म्हणजे कर्ताही आणि अंकितही. बेन ब्रूस्टरच्या १९७१मधील इंग्रजी अनुवादात ‘इंटरपेलेट’च्या जोडीला ‘हेल’ हे साधे क्रियापद होते. उत्तरकालीन समीक्षेने प्रामुख्याने जड शब्द उचलला आणि त्यातला रस्ता हरवला.

मराठीत तो रस्ता शाबूत आहे. पहारेकरी हटकतो, पोलीस हटकतो. ‘हटकणे’ या क्रियापदात अडवणे आणि विचारणे एकवटले आहे. मात्र अल्थुसरच्या मते, जन्माआधीच ज्याचे नाव ठरलेले असते ते मूलही ‘सब्जेक्ट’च असते. तेथे ‘हटकणे’ अपुरे पडते, ‘हाक’ हवी. आणि मराठी हाक तर ‘अरे’, ‘अगं’ की ‘अहो’ हे ठरवल्यावाचून उमटतच नाही. समोरच्याचे स्थान तिच्या पहिल्याच शब्दात निश्चित होते. संस्कृतनिष्ठ पर्याय घडवण्याआधी या दोन शब्दांची शक्ती तपासून पाहिली पाहिजे.

परंतु खरा प्रश्न दिशेचा आहे. १८९२च्या संदर्भात शासित शासकाला अडवतो. १९७०च्या संदर्भात शासनसंस्था व्यक्तीला. क्रियापद एकच. केवळ दुसरी दिशा स्वीकारणारी समीक्षा प्रत्येक पात्रात आधीच पकडला गेलेला माणूस पाहते. दलित आत्मकथनांचे वाचन या ठिकाणी कसोटीचे ठरते. त्यांत जातीच्या नावाने मारलेली हाक आहे, तसाच ती मारणाऱ्या समाजाला विचारलेला जाबही आहे. पहिल्याचेच विश्लेषण करून थांबणारा समीक्षक निवेदकाला पुन्हा त्या हाकेच्याच स्वाधीन करतो. वळून पाहणारा माणूस वळल्यावर काय विचारतो, याचा शोध घेणे हेही समीक्षेचे काम आहे. आणि ती शक्यता या क्रियापदाच्या इतिहासातच आहे.