परदेशातली मैफल आणि हरवलेली दाद

परदेशातल्या शास्त्रीय संगीताच्या मैफलींविषयी आपल्याकडे एक मत कधीचे ठरून गेले आहे. तिथल्या श्रोत्यांना चमत्कार हवा असतो. म्हणून आलाप आवरायचा, गत लवकर धरायची आणि शेवटी तबल्याशी सवाल-जवाब लावून सभागृह उभे करायचे. कलावंत हे खासगीत बोलतात, आयोजक आडवळणाने सुचवतात आणि समीक्षक छापून मोकळे होतात. मीही एकेकाळी ते लिहिले आहे. अलीकडे त्या काळातल्या ध्वनिमुद्रिका ओळीने पुन्हा ऐकल्या, तेव्हा मात्र या मतावरचा माझा विश्वास डळमळला.

सुरुवात १९५५ पासून करू. त्या वर्षी यहुदी मेन्युइन यांच्या निमंत्रणावरून उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात वाजवले. निमंत्रण खरे तर पंडित रविशंकरांना होते. त्यांना जाणे जमले नाही, त्यांनी खाँसाहेबांचे नाव सुचवले. त्याच दौऱ्यात जी लाँगप्ले तबकडी निघाली तिच्या एका बाजूला सिंधुभैरवी आहे, दुसऱ्या बाजूला पिलू. तबल्यावर चतुरलाल. आरंभी मेन्युइन स्वतः बोलून कलावंतांची आणि वाद्यांची ओळख करून देतात.

रागांची ही निवड पाहा. आपल्याकडे सिंधुभैरवी येते मैफलीच्या शेवटी, आणि पिलू म्हणजे ठुमरी-दादऱ्याचा, मिश्रणाला मोकळा असलेला राग. घराच्या मागच्या अंगणात पाहुण्याला आधी नेले आणि दिवाणखाना नंतर दाखवला, असा हा प्रकार. 'गोऱ्यांसाठी सोपे केले' या आरोपाला इथे आधार सापडेल. पण त्याच तबकडीची लांबी मोजली की आरोप अडखळतो. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हापासून पुढची सुमारे पन्नास वर्षे आपल्या घरी राग ऐकला जात होता तो एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकड्यांवरची कीर्ती तेवढ्याच वेळात सामावलेली आहे, आणि ते गाणे अपुरे आहे असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. म्हणजे राग आखडण्याची सवय आपल्याला घरीच लागलेली होती. तबकडीची एक अख्खी बाजू एकाच रागाला मिळाली ती या परदेशी श्रोत्यासाठी! पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रविशंकरांची 'थ्री रागाज' लंडनला मुद्रित झाली. तिथे जोग राग पूर्ण एक बाजू व्यापतो आणि त्यातला आलाप घाईचा वाटत नाही. दुसऱ्या बाजूला अहीर भैरव आणि कर्नाटक संगीतातला सिंहेंद्रमध्यमम. सोपेपणाची ही यादी नव्हे.

मग ते मत आले कुठून? माझ्या समजुतीने, ते बरेचसे एका चित्रपटातून आले. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या पॉप महोत्सवात रविवारी दुपारी रविशंकर बसले. साथीला अल्लारखाँ. श्रोत्यांना त्यांनी धूम्रपान न करण्याची विनंती केली, आणि श्रोत्यांनी ती मानली. या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. तिच्यात आधी भीमपलासी, मग एकतालातला एकल तबला, मग दादरा आणि द्रुत तीनतालातली धून असा क्रम आहे. दुपारच्या वेळी भीमपलासी! पॉप महोत्सवाच्या गदारोळातही पंडितजींनी समय सोडलेला नाही. पण दुसऱ्या वर्षी पेनबेकर यांचा जो चित्रपट आला, त्याच्या अखेरीला आहे ती धून. बराच वेळ कॅमेरा वादकांकडे जातच नाही. तो श्रोत्यांचे चेहरे दाखवत राहतो आणि शेवटी सारे मैदान उठून उभे राहते. जगाने, आणि जगामागून आपणही, पाहिले ते एवढेच. भीमपलासी कितीजणांना आठवतो? मैफलीचा शेवट तेवढा जतन झाला आणि तोच संपूर्ण मैफलीचा नमुना मानला गेला.

दुसरा प्रसंग त्याहून प्रसिद्ध. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशासाठी केलेला मदतीचा कार्यक्रम. रविशंकर आणि अली अकबर यांनी वाद्ये जुळवली, आणि हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुळवणेच इतके आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे पंडितजी हसत म्हणाले. हा किस्सा आपण पन्नास वर्षे सांगत आलो आहोत, आणि दर वेळी हसतो त्या बिचाऱ्या श्रोत्यांना.

मला आता त्या टाळ्यांचे हसू येत नाही. त्या माणसांना समोरच्या सुरांना काहीतरी उत्तर द्यायचे होते आणि त्यांच्यापाशी उत्तराचे एकच साधन होते. आपल्या बैठकीत श्रोत्यापाशी अनेक साधने असतात. मान हलते, हात उचलला जातो, 'वा' येते, समेवर श्वास सुटतो, कधी एखादा जाणकार नुसता शेजाऱ्याकडे पाहतो. यातले काहीही संगीत थांबायची वाट पाहत नाही. टाळीला मात्र शेवट लागतो. काहीतरी संपले आहे अशी खात्री झाल्याशिवाय सभ्य माणूस टाळी वाजवत नाही, आणि पाश्चात्त्य सभागृहाची सभ्यता तर फार कडक. तेव्हा ज्या मैफलीत टाळी हीच एकमेव दाद, त्या मैफलीत वारंवार काहीतरी संपवावे लागते. तिहाई संपते. सवाल-जवाबाचा प्रत्येक तुकडा संपतो. एकल तबला संपतो. परदेशी कार्यक्रमांत या गोष्टी वाढल्या त्याचे कारण श्रोत्याचे अज्ञान असण्यापेक्षा ही व्यवस्था आहे, असे मला वाटते: व्यासपीठावर झोत, समोर अंधार आणि उत्तराची एकच भाषा.

वाद्यसंगीत तिथे पुढे गेले आणि ख्याल मागे राहिला, याचा उलगडाही यातून बराचसा होतो. शब्द कळत नाहीत हे कारण नेहमी दिले जाते. पण बडा ख्यालाचे शब्द आपल्यातल्या कितीजणांना कळतात? अडचण निराळी आहे. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जाते. तेवढ्या अवधीत गायक कुठे गेला, कसा परतला, समेच्या आधी किती जागा शिल्लक ठेवली, हे ज्याच्या मनात ठेका चालू आहे त्यालाच दिसते. त्याची मान हलली की गायकाला पुढच्या आवर्तनाची दिशा मिळते. ती न मिळाल्यास गायक लवकर छोट्या ख्यालाकडे वळतो. यात त्याला दोष देता येत नाही. उत्तर न देणाऱ्या माणसाशी तासभर बोलत राहणे कोणाला जमेल?

उलट बाजूचा पुरावाही पाहायला हवा. नासिर मोइनुद्दीन आणि नासिर अमीनुद्दीन हे डागर बंधू १९६४ मध्ये युरोपात गायले. ध्रुपदाचा आलाप म्हणजे टाळीची सगळ्यात मोठी गैरसोय. तो संपता संपत नाही. तरी त्या गाण्याला तिथे जे गंभीर श्रोते आणि पुढे शिष्य लाभले, तेवढे त्या काळात आपल्याकडे लाभले का, हा अवघड प्रश्न आहे. पनवेलजवळ पळस्प्याला झिया मोहिउद्दीन डागरांच्या गुरुकुलात विदेशी विद्यार्थी मुक्कामाला येत. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले, आणि त्यांच्या संथ, एका स्वरावर रेंगाळणाऱ्या गाण्यापाशी ला माँट यंग आणि टेरी रायली यांच्यासारखे संगीतकार शिष्य म्हणून बसले. हे लोक तबल्याच्या कडकडाटासाठी आलेले नव्हते. ते शिकायला बसले, आणि शिकणाऱ्याला दाद देता येते. अली अकबर खाँसाहेबांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात विद्यालय काढले, त्याचे महत्त्व मला यासाठी वाटते. हजारो विद्यार्थ्यांतले वादक किती झाले हा हिशेब दुय्यम आहे. श्रोते किती झाले ते मोजावे.

आता आपल्या माणसांकडे वळतो. बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये स्थापन झाले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ चे. या मंडळांनी आपले गायक तिकडे नेले, घरांत उतरवले, जेवू घातले. ते ऋण मोठे आहे. परंतु 'गोऱ्यांमुळे गाणे पातळ झाले' म्हणणाऱ्यांनी या मराठी सभागृहांतही एकदा डोकवावे.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात, डिसेंबरमध्ये, शाळेच्या सभागृहात मी एका गायिकेची मैफल ऐकली. वेळ दुपारी चारची, सातला जेवण. बाहेर साडेचारलाच सूर्य मावळला. (समयचक्राचे काय करायचे हा तिकडे खरोखरीचा पेच आहे. लंडनला जूनमध्ये नऊनंतर सूर्यास्त होतो. मारवा तोवर थांबवायचा की काय?) बाईंनी पूरिया धरला. वीस मिनिटे झाली नसतील तोच निवेदक विंगेतून डोकावून घड्याळाकडे पाहू लागला. चिठ्ठ्या आल्या, सगळ्या नाट्यगीतांच्या आणि अभंगांच्या. समोर काळोख. बाईंचे गाणे चोख होते, पण आवर्तने एकासारखी एक होत चालली होती. श्रोते सगळे मराठी होते, बहुतेक पुण्या-मुंबईचे.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. गाणे थांबवले आणि स्वयंसेवक मुलाला सांगितले, "अरे बाळा, समोरचे दिवे लाव बघू. मला माणसं दिसू देत." दिवे लागले. तिसऱ्या रांगेत साठीच्या एक बाई मांडीवर हाताने ठेका धरून बसलेल्या होत्या. बहुधा त्या आधीपासूनच तसे करत असणार. पण आता ते दिसले. पुढचा बडा ख्याल बाई त्यांच्याकडे पाहून गायल्या. निषादावरचा एक मुक्काम इतका लांबला की तबलजींनी वर पाहिले, आणि समेवर त्या तिसऱ्या रांगेतून 'अहाहा' आले. मग आणखी दोघा-तिघांकडून. चिठ्ठ्या थांबल्या नाहीत. पण पूरिया आणखी अर्धा तास चालला.

हा अंधार आता इकडेही आला आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालतो आणि रात्रभराच्या बैठकीसाठी तो ओळखला जाई. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि रात्री दहानंतरचा ध्वनिवर्धक बंद झाला. त्यामागची कारणे रास्त आहेत. आजारी शेजाऱ्याला मालकंसाचे काय होय? पण परिणाम असा, की उत्तररात्रीचे राग महोत्सवातून जवळपास गेले, प्रत्येक कलावंताच्या वाट्याला तासभर आला आणि मागच्या रसिकांना गायक पडद्यावर दिसू लागला. गायकाला रसिक दिसण्याची सोय मात्र पडद्यात नाही. पुण्यातही हल्ली तिहाई संपली की टाळी पडते. न्यूयॉर्कच्या श्रोत्याला आपण ज्यासाठी हसलो, त्यापासून हे फार दूर नाही.

समीक्षेने या सगळ्याची नोंद ठेवायला हवी होती. परदेश दौऱ्यांवरचे आपले मराठी लेखन काढून पाहिले तर शहरांची नावे मिळतात, टाळ्यांचा कडकडाट मिळतो, उभे राहून दिलेली मानवंदना मिळते. राग कोणता, तो किती वेळ चालला, कुठल्या प्रहरी, तंबोरे होते की यंत्र, समोर उजेड होता की नव्हता, हे क्वचित मिळते. त्यामुळे 'तिकडे गाणे बदलते' असे म्हणायला आणि ते खोडायला, दोन्हींना आपण मुद्रिकांकडेच जातो. आणि मुद्रिकेत श्रोता दिसत नाही.

त्या डिसेंबरातल्या मैफलीवर मी एका साप्ताहिकात लिहिले होते. या लेखासाठी ते कात्रण शोधून काढले. सहाशे शब्दांत नाट्यगीतांना दोन परिच्छेद आहेत, मंडळाच्या आदरातिथ्याला एक, बटाटेवड्यांना एक ओळ. पूरियाबद्दल 'रंगला' एवढा शब्द आहे. तिसऱ्या रांगेतल्या बाईंचा आणि दिव्यांचा उल्लेख नाही.