'अ नर्मदा डायरी' : विस्थापन आणि कुटुंबाचे चित्रण

आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांच्या 'अ नर्मदा डायरी' (१९९५) या सुमारे तासाभराच्या माहितीपटात सरदार सरोवराच्या बुडितातील मणिबेलीचा प्रतिकार प्रत्ययकारी झाला आहे. मात्र दैनंदिनीचा आकृतिबंध स्वीकारूनही चित्रपट सभा-मोर्चांत अधिक रमतो; भावकी, सोयरीक यांची पांगापांग त्यामानाने निसटते. इगतपुरीच्या अभ्यासकाला ही उणीव विशेष जाणवेल. दारणा (१९१६) आणि मुंबईला पाणी पुरविणारे ऊर्ध्व वैतरणा (१९७३) ही धरणे याच तालुक्यातील. दोन्ही राज्याच्या १९७६ च्या पुनर्वसन कायद्यापूर्वीची. वैतरणेच्या बुडितातून उठलेली पिढी आज वृद्ध आहे. कोणते घर कोठे गेले हे तिच्याकडून नोंदवायचे, तर कॅमेऱ्याला मोर्चापेक्षा ओसरीवर अधिक काळ थांबावे लागेल.